खारा आवाज

“माझा आवाज तुम्ही काढून घेतलात. आणि आज ज्या आवाजाच्या खांद्यावर शाल घालणार आहात तो कुणी शोधला, कुणाची वाक्यं बोलून तो मोठा झाला, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून तुम्ही तोंडात गुळणी धरून बसला आहात. आमच्या गावात ह्याला चोरी म्हणतात, सर. तुमच्याकडे गौरव समारंभ म्हणत असतील.”

सत्यवान हे मनात बोलत होता आणि हातानं एका म्हातारीच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होता. मालवणच्या बाजारात, मासळी मार्केटकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्याचं दुकान. ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, वीजबिल, हॉलतिकीट, जे लोकांना जमत नाही ते सगळं. सकाळी दुकान उघडलं तेव्हा हे वाक्य नव्हतं. तेव्हा नुसती छातीत एक कुरकुर होती, पंख्याच्या बेअरिंगमध्ये असते तशी. कान दिला तर ऐकू येते, नाहीतर माणूस तिच्याखाली झोपसुद्धा काढतो. वाक्य आलं ते त्या बाईमुळे. कुडाळकडची बाई, बरोबर आठवी-नववीतली मुलगी. बाईनं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, “ओ भाऊ, ह्येच्यात अक्षया मॅडमचा ॲप घालून देवा.”

“कोणाचा?”

“अक्षया मॅडमचा ओ. ता इमानाचा, रॉकेटचा शिकवतत ता. ह्या माझ्या आकांक्षाक तेचा खूळ लागला. अभ्यास सोडून कानात घालून बसता.”

“आई, ॲपचा नाव ‘रापण’ आसा,” मुलगी म्हणाली.

“नाव काय आसा ता आसांदे. सगळी अक्षया मॅडमचाच म्हणतत.” मग सत्यवानकडे बघून, एखाद्या अडाण्याला समजावावं तशी, “तुमी पण आयका हां भाऊ. इतका सोपा करून सांगतत, तुमकासुद्धा कळात.”

सत्यवाननं मुकाट्यानं ॲप घातलं. आपण चिरा चिरा रचून बांधलेल्या घरात, दुसऱ्याच्या नावानं आलेला पाहुणा आत न्यावा, खुर्ची पुसून द्यावी, पाणी विचारावं, तसं त्यानं त्या मुलीचं खातं उघडून दिलं. पडद्यावर रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं, चित्र आलं: अर्धवर्तुळ, त्याच्या दोन टोकांना दोऱ्या, दोऱ्यांना लटकलेली माणसं. ते चित्र त्यानंच काढलं होतं. त्यातला उजव्या दोरीवरचा शेवटचा, जरा वाकलेला माणूस म्हणजे तो स्वतः होता. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं आणि आत्तापर्यंत त्याला त्याचं फार बरंही वाटत असे. आज त्या वाकलेल्या माणसाकडे बघून त्याला वाटलं, हा कोण भिकारी?

मत्सर हा पुस्तकातला शब्द. मालवणात पोटात दुखतं म्हणतात. सत्यवानच्या पोटात दुखत नव्हतं, गळ्यात दुखत होतं. आणि गळ्यात दुखायला कारणही होतं, कारण सगळा वाद गळ्याचाच. लहानपणी तो वाळूत दोरीच्या वेटोळ्यावर उताणा पडून असायचा. बाप आणि त्याची माणसं रापण ओढत असायची, होडीनं लांबवर अर्धगोल टाकलेलं जाळं दोन बाजूंच्या दोऱ्यांनी किनाऱ्याला येत असायचं, आणि ह्याचं लक्ष वर. गोव्याकडून नौदलाची विमानं किनारा धरून यायची. कधी इतकी खालून की पोटाखालचे जोड दिसायचे. बाकीची पोरं हात हलवायची. हा विचार करायचा की एवढं लोखंड वर राहतं ते कुणाच्या जिवावर. शाळेत गुरुजींना विचारलं तर गुरुजी म्हणाले, इंजिनाच्या. इंजिन बंद पडलेलं विमानसुद्धा तरंगत खाली येतं हे त्याला कुठून तरी कळलं होतं, तेव्हा गुरुजींवरचा त्याचा विश्वास त्या दिवशी उडाला, आणि पुढे जे काही शिकला ते एकट्यानं शिकला. बारावीनंतर कुणी शिकवलं नाही, कुणी अडवलंही नाही. इंग्रजी व्याख्यानं शब्दकोश मांडीवर घेऊन ऐकली. एकेक वाक्य दहादा. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून हवा पंखाला वर ढकलते, एवढं कळायला त्याला एक अख्खा उन्हाळा लागला, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तो दुकान उघडं टाकून धावत किनाऱ्यावर गेला आणि सांगायला कुणीच नव्हतं. ‘रापण’ त्या दुपारी सुरू झालं, मोबाइलमध्ये बोलून ठेवलेल्या एका पाठानं. नंतर संकेतस्थळ, मग ॲप, मग सभासद, मग चर्चा, तो सगळा पुढचा पसारा. पण मूळ एवढंच, की सांगायला कुणी नव्हतं.

आणि नियमही त्यानंच घातला. रापणीत दोरीला हात लावेल त्याला वाटा मिळतो. वाटसरू असला, सुट्टीवर आलेला चाकरमानी असला, आणि त्यानं नुसतं कंबर वाकवून चार हात ओढलं, तरी निघताना त्याच्या हातात बांगडे पडतात. कोण आधी आला, कोण मागून आला, हे विचारायचं नसतं. विचारलं तर म्हाताऱ्या बाया तोंडावर हसतात. हाच नियम सत्यवाननं मोठ्या ऐटीत संगणकात घातला. कुठल्याच पाठाखाली नाव नाही. प्रश्नाखाली नाव नाही, उत्तराखाली नाव नाही. संस्थापक अशी जागाच नाही. जालन्याचा ट्रकवाला, चंद्रपूरच्या वसतिगृहातल्या मुली, नाशकातली एक नर्स जिला उपग्रहांच्या कक्षा तोंडपाठ, सगळे दोरीवर सारखे. प्रत्येक पाठाच्या शेवटी एक प्रश्न आणि त्यापुढे एकच शब्द: सांगा. एवढीच काय ती त्याची सही. तेव्हा त्याला स्वतःच्या मोठेपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं! माणूस नाव सोडतो तेव्हा मनातल्या मनात त्याची अशी खात्री असते की लोक शोधत येतील. लोक येत नाहीत. लोकांना कामं असतात.

पहिले पाठ त्याच्याच आवाजात होते. विज्ञानप्रसार करणाऱ्या ज्या मोठ्या संस्थेचा आजचा समारंभ, तिच्या प्रमुखांना त्यानं ते धाडले. त्यांनी फोन केला, हेही खोटं नाही. सर म्हणाले, “आशय उत्तम आहे हो. फारच उत्तम. फक्त आवाज…” आणि थांबून हसले. “आवाजाला जरा खारा वास येतो. हेल आहे. पुण्या-नागपूरच्या मुलांना हे चालायचं नाही. एखादा स्वच्छ आवाज घ्या, मग बघू.” सत्यवान “हो सर” म्हणाला. वर “थँक्यू सर” म्हणाला. ते थँक्यू त्याला अजून आठवतं, अंघोळ करताना, गाडीला किक मारताना, आणि आठवलं की तो मोठ्यानं काहीतरी भलतंच बोलतो, शिवी किंवा गाण्याचा तुकडा, ते आठवणं बुडवायला. त्याच आठवड्यात मिठबावची अक्षया दुकानात आली होती, शिक्षक भरतीचा फॉर्म भरायला. वडिलांच्या आंबा-नारळाच्या बागेत वाढलेली, भौतिकशास्त्र शिकलेली, आणि नोकरी नसलेली. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला ती योजनेच्या अटी वाचून दाखवत होती. धुतलेल्या तांदळासारखा आवाज. म्हाताऱ्याला अटी कळत नव्हत्या, पण तो ऐकत राहिला होता, तोंड उघडं टाकून. सत्यवान म्हणाला, “माझा एक पान वाचून दाखवशात?” तिनं वाचलं. पाठ तोच, वाक्य न् वाक्य तेच, आणि पहिल्यांदाच सत्यवानला वाटलं की विमान खरंच उडालं. त्या दिवसापासून पाठ तिच्या आवाजात; नाव तिचंही कुठे नव्हतं, पण आवाजाचं नाव लोकांनी शोधून काढलं.

तेव्हा मत्सर नव्हता. ते आठवलं की त्याला स्वतःचाच हेवा वाटतो. आणि ज्या दिवशी तो आला त्या दिवशी अक्षयाचं कौतुक झालं म्हणून आला असता, तर सत्यवाननं तो पुसून टाकला असता. तसा तो वाईट माणूस नाही. पण आला तो एका वाक्यामुळे. अवकाशातून यान परत कसं येतं हा पाठ त्यानं खपून लिहिला होता. वातावरणात किती तिरकं शिरायचं, जास्त सरळ आलं तर जळतं, फार आडवं आलं तर दगड पाण्यावरून उडावा तसं परत बाहेर फेकलं जातं. खाली सभासदांनी लिहिलं होतं: मॅडम, त्या वाक्याला रडू आलं. मॅडम, ते वाक्य वर्गाच्या फळ्यावर लिहिलं. कुठलं वाक्य? सत्यवाननं आपला लिहिलेला पाठ काढून बघितला. त्यात ते नव्हतं. मग त्यानं ऐकलं. मध्येच, त्याच्या दोन वाक्यांच्या बेचक्यात, अक्षया आपल्या मनानं म्हणाली होती: “दर्यावरून परत येणाऱ्याला बंदर दिसायला लागतं तेव्हाच जास्त सांभाळावं लागतं. वरून येणाऱ्यांचंही तसंच.” बस्स, एवढंच. आणि पुन्हा त्याचं वाक्य सुरू. ते त्यानं परत परत ऐकलं. वाक्य वाईट असतं तर किती बरं झालं असतं! रापणकाराचा मुलगा तो, बंदर दिसल्यावर होड्या फुटलेल्या त्यानं पाहिलेल्या, आणि हे त्याला सुचलं नाही. तिला सुचलं. आवाज तिचा हे त्यानं पचवलं होतं. पण विचारही? मग त्यानं जुने पाठ तपासायला सुरुवात केली. इथे एक वाक्य, तिथे अर्धं. चोरून नव्हे, उघड, मागे एकदा ती म्हणालीही होती, “दादा, वाचताना जिभेर इला तर घालतंय हां,” आणि तो म्हणाला होता, “घाल गो, दोरीक हात लागलो पायजे.” आता प्रत्येक कौतुकाखाली तो शोधत बसायचा की हे माझ्या वाक्याचं की तिच्या. आणि माझ्या वाक्याचं निघालं तरी चैन नाही, कारण तेही लोकांनी तिच्याच तोंडून ऐकलेलं. ह्या खेळात त्याला जिंकायची सोयच नव्हती. ती सोय ठेवली नव्हती त्यानंच.

दुपारी तो घरी जेवायला गेला. शर्मिला, त्याची बायको, कुडाळला नोकरीला. भात-आमटी आणि तळलेले बांगडे झाकून ठेवून जाते. बाप, गंगाराम, भिंतीला टेकून बसला होता, कानाशी मोबाइल धरून. मोबाइलमधून अक्षया यानाच्या परतीचं सांगत होती. सत्यवाननं पाट घेतला आणि म्हणाला, “बंद कर ता. जेवताना तरी.”

“रव रे. ह्या बरा सांगता चेडू. बंदर दिसला काय सांभाळूचा म्हणता. माझ्या बापाशीन माका ह्याच सांगितलेल्यान.” बापानं मोबाइल खाली ठेवला, पण बंद केला नाही. “ह्या तू लिवलंस?”

सत्यवान घास गिळत होता. हो म्हणायला जीभ उचललीही होती. “नाय,” तो म्हणाला.

“माका वाटलाच. तुझा असता तर तीन पाना झाली असती.” म्हातारा दात नसलेलं हसला. “आज तेचो सत्कार मां? तू कित्याक नाय गेलंस?”

“माका खंय बोलवल्यांनी?”

“तेणी बोलवल्यान. माझ्या समोर बोलवल्यान, पडवीत बसान. ‘दादा, येवा, ता तुमचा आसा,’ म्हणाला चेडू. तू म्हणालंस, दुकान आसा.”

“त्या संस्थेच्या साहेबान माका फोन केल्यान, बाबा! माका! आणि काय म्हणता, मॅडमचो नंबर देवा. आणि त्या दिवशी तांत्रिक बाजू तुम्ही सांभाळाल ना? तांत्रिक बाजू! मी काय वायरमन?”

“मगे तू काय म्हणालंस?”

“हो सर म्हणालंय.”

बापानं त्याच्या ताटातलं बांगड्याचं डोकं उचललं. चोखलं. मग म्हणाला, “आमच्या रापणीत बाबलो होतो. होडी तेचीच, जाळा तेचाच. पण दर वक्ताक वाटो घेवक मागे उभो रवायचो, आणि कोणी आधी हात घातलो काय घराकडे जावन बायलेक मारायचो. कोणाक काय बोलाचो नाय. नुसतो उभो.”

“मी कोणाक मारतंय?”

“मी खंय म्हणालंय मारतंस?” बाप म्हणाला, आणि तेवढ्यात सत्यवानच्या गळ्यात काटा अडकला. बारीक काटा, बांगड्याचा, ज्याला मालवणचा माणूस हसतो. त्याला ठसका आला, डोळ्यांत पाणी आलं. बापानं कोरड्या भाताचा गोळा वळून त्याच्या तोंडात कोंबला, पाच वर्षांच्या मुलाला कोंबावा तसा, आणि म्हणाला, “चाव नको. गिळ.” त्यानं गिळला. काटा गेला असं बाप म्हणाला. गेला नव्हता, की गेला होता आणि नुसता ओरखडा उरला होता. दोन्हीत फरक काय हे आतल्या माणसाला कळत नाही.

समारंभ चारला. सत्यवाननं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि संगणकासमोर बसला. कार्यक्रम ‘रापण’वरूनच सगळ्यांना दिसणार होता, तेवढी तांत्रिक बाजू. पडद्यावर शहरातलं सभागृह, फुलं, सर, आणि अक्षया, अबोली रंगाच्या साडीत, खुर्चीच्या कडेवर टेकलेली. तिच्यासमोर एक छोटा पडदा, सभासदांचे प्रश्न दिसायला. सत्यवानच्या समोर मात्र सगळं होतं. कुणाचा माइक चालू, कुणाचा बंद, हे तो ठरवणार. कुठला पाठ दिसेल, कुठला नाही, हे तो ठरवणार. आणि व्यवस्थापकाच्या पानावर, खाली डावीकडे, ध्वनी ह्या शब्दापुढे एक चौकोन. त्यातली खूण काढली की सगळ्या पाठांतला आवाज एका दमात गप्प. अक्षर राहील, आवाज जाईल. त्याची वाक्यं राहतील, तिची जातील, कारण तिची लिहिलेलीच नव्हती, ती नुसती बोललेली होती. हे त्याला सकाळपासून माहीत होतं. खरं सांगायचं तर त्या वाक्याच्या दिवसापासून माहीत होतं. आजवर त्यानं त्या चौकोनाकडे बघायचं टाळलं होतं, बाजारात उधारीवाल्याकडे बघायचं टाळावं तसं. आज तो सरळ बघत होता. बाण त्याच्यावर नेऊन ठेवला होता. समारंभाच्या मध्यावर, शाल खांद्यावर पडताना, तिकडे ते पाठ ऐकवणार होते, आणि तिकडे सगळं मुकं होईल. कुणाला कळणार? तांत्रिक अडचण.

सर बोलत होते. “एका तरुण मुलीनं, कोकणातल्या एका आडगावात बसून, हे विश्व उभं केलं…” अक्षया मान हलवत होती, नाही नाही अशी, पण सर तिच्याकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत होते. ती काहीतरी बोललीही. माइक सरांपुढे होता. सत्यवानला तिचे ओठ दिसले. तिच्या ओठांवरून त्याला त्याचं नाव वाचता आलं, किंवा वाचावंसं वाटलं, आणि तेवढ्यानंच तो आणखी चिडला. म्हणजे आता हिच्या मेहरबानीनं मला नाव मिळणार? हार तिला आणि त्यातलं एक फूल काढून मला? त्याचाच एक पाठ होता, तो त्याला ह्या वेळी आठवायला नको होता: नाक एका हद्दीपलीकडे वर केलं की पंखावरची हवा सुटते, आणि मग इंजिन कितीही ओरडलं तरी विमान खाली बसतं. आणि आठवला तो तिच्या आवाजात. स्वतःचं वाक्य, स्वतःच्या डोक्यात, तिच्या आवाजात! इथवर ती आत शिरली होती. चौकोनातली खूण काढून हा आवाज कुठून जाणार होता?

त्यानं बाण हलवला, आणि चौकोनावरून उचलून प्रश्नांच्या जागेत नेला. सकाळपासून घडवलेलं सगळं तिथे ओतावं असं त्याला वाटत होतं, चोरी, गुळणी, शाल, खारा वास, सगळं. पण बोटांनी तेवढं केलं नाही. त्यानं लिहिलं: ‘ही रापण कुणी घातली? सांगा.’ आणि पाठवलं. नाव नाही. नियमच तसा.

सरांनी भाषण आवरलं, अक्षयाच्या खांद्यावर शाल घातली, मागे तिचा पाठ वाजून संपला, आणि त्यांनी माइक तिच्याकडे सरकवला. “मॅडम, सभासदांचे प्रश्न घेऊ या.” ती वाकली, छोट्या पडद्याकडे बघून वाचायला लागली, नेहमी वाचते तसं, स्वच्छ, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. “ही रापण कुणी घातली?” आणि क्षणभर थांबून, “सांगा.” तो शब्द तिनं शेकडो पाठांच्या शेवटी उच्चारला होता. ह्या वेळी उच्चारून झाल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

सर हसले. “वा! सोपा प्रश्न. अर्थात, आपल्या अक्षया मॅडमनी!” टाळ्या सुरू झाल्या.

“थांबा सर,” अक्षया म्हणाली. तिनं शाल खांद्यावरून काढली, घडी घातली नाही, नुसती मांडीवर धरली. मग तिनं सरांकडे पाठ केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे ह्या अर्ध्या शटरच्या दुकानात, ह्या अंधारात. आणि तो धुतलेला आवाज गेला. त्या सभागृहात, जालन्याच्या ट्रकवाल्यासमोर, चंद्रपूरच्या मुलींसमोर, ती तोंड भरून मालवणीत बोलायला लागली.

“सत्यवानदादा, ह्यो प्रश्न तुमचो. तुमच्याबिगर कोण असा लिवता? मी सरांका दोनदा फोनार सांगितलंय, आता हयसरसुद्धा सांगितलंय, कोणी आयकणत नाय. तुमका बोलावलंय तर तुमी इलास नाय. मगे माझ्याच तोंडातसून कित्याक इचारतास? त्या बंदराच्या वाक्यापासून तुमी गप्प आसास, माझ्या वाक्याक काय बोलूचा आसात ता पण बोला, मी आयकतंय. आवाज खारो तर खारो.” तिचा श्वास माइकवर आपटला. सर मागून “मॅडम, मॅडम” करत होते. “हयसर माइक उघडूचो अधिकार फकत तुमका. सगळी थांबलीत. ही रापण कोणी घातल्यान, दादा? सांगा.”